तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांचे पाद्री गुरुजी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. माझं सगळं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं. लॉगबुकात सही करण्यापलीकडे लिखाणाची सवय नाही. शाळेच्या आठवणी लिहाव्यात तर त्या तुम्ही सगळ्यांनी माझ्यापेक्षा रंगवून लिहिल्या असणार. गळकं छप्पर, मधल्या सुट्टीतली कैरी, स्नेहसंमेलनात मिशी पडलेला अफजलखान, हे सगळं कुणी ना कुणी लिहिलेलंच असेल. म्हणून मी एका राजाची गोष्ट लिहितो. ती थोडी लांबून येते, पण शेवटी मालवणलाच पोचते. तेवढा धीर धरा.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तंजावरला एखाद-दुसरी ओळच होती. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापन केलं, एवढंच पाठ करायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. इकडे १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत तिकडे कावेरीच्या काठी व्यंकोजीराजे गादीवर बसले. आपण रोज बंदरावर उभं राहून एका भावाचा किल्ला बघत मोठे झालो, दुसऱ्या भावाच्या राज्याचं पुढे काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. ते राज्य पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षं टिकलं. त्यात शेवटून दुसरे राजे झाले ते हे सरफोजी, दुसरे सरफोजी. तामिळनाडूत त्यांना आजही लोक ओळखतात. आपल्याकडे मात्र फार थोडे.

त्यांचा जन्म सप्टेंबर १७७७ मधला. भोसले कुळातलेच, पण गादीच्या थेट वारसांपैकी नव्हेत. तेव्हा तंजावरला तुळजाजीराजे होते. त्यांनी फार हाल पाहिले होते. अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर १७७३ साली त्यांना गादीवरून काढलं आणि १७७६ साली कंपनीनेच त्यांना परत बसवलं. मध्ये हैदर अलीच्या स्वाऱ्या होऊन मुलूख उजाड झाला. राजांची मुलंबाळं गेली. शेवटी जानेवारी १७८७ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि त्याचा हात एका पाद्र्याच्या हातात द्यायचं ठरवलं.

हा पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. प्रशियातला माणूस, १७२६ चा जन्म. १७५० साली डॅनिश लोकांच्या तरंगमबाडीला उतरला तो परत मायदेशी गेलाच नाही. लग्न केलं नाही. तमिळ शिकला, फारसी शिकला, आणि तंजावरच्या दरबारी बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. १७७९ साली कंपनीला हैदर अलीकडे बोलणी करायला माणूस पाठवायचा होता, तेव्हा याला पाठवलं, कारण हैदर इंग्रजांच्या दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. पुढे लढाईत तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपलं. बाहेर भात होतं, पण ते आणायला शेतकरी बैल देईनात, कारण आधीचे पैसे राजानेही बुडवले होते आणि कंपनीनेही. श्वार्ट्झने आपला शब्द दिला आणि दोन-तीन दिवसांत हजारभर बैल उभे राहिले. पैसे त्याने चुकते केले. ज्या काळात कुणाचाच शब्द चालत नव्हता त्या काळात याचा चालला, हे लक्षात ठेवा. धर्मांतर वगैरे नंतरच्या गोष्टी, लोकांना तो आधी ओळखीचा झाला तो हिशोबाला चोख म्हणून.

तर तुळजाजीराजांनी मुलगा त्याच्या पदरात घातला, आणि श्वार्ट्झने नाही म्हटलं. पाद्र्याने राजवाड्यात पालक होऊन बसणं त्याला बरं वाटलं नाही. त्यापेक्षा राजांच्या सावत्र भावाकडे, अमरसिंहांकडे, मुलाचा सांभाळ सोपवावा असं त्याने सुचवलं. सल्ला सज्जनपणाचा होता आणि साफ चुकीचा निघाला. तुळजाजीराजे वारल्यावर कंपनीने पंडितांचं मत घेतलं, पंडितांनी दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असं सांगितलं, आणि अमरसिंह पालकाचे राजे झाले. पंडितांना पैसे चारले होते असा आरोप नंतर झाला. आपल्याकडे दत्तकाच्या भानगडीत घरं कशी मोडतात ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथे तर घराच्या जागी राज्य होतं.

त्या मुलाचे पुढचे दिवस वाईट गेले. त्याला जवळजवळ कोंडूनच ठेवलं होतं. उजेड नाही, शिक्षण नाही, मोकळं फिरणं नाही. ज्या मुलाला पुढे राज्यावर हक्क सांगता येईल त्याला अडाणी ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय होता. श्वार्ट्झला हे कळलं तेव्हा तो साठी उलटलेला होता. पालकत्व नाकारलेला हाच माणूस आता मद्रासला पत्रांवर पत्रं लिहू लागला, मुलासाठी पहारा मागू लागला, त्याला शिकवायची परवानगी मागू लागला. आपल्या सल्ल्याने एका पोराचं वाटोळं होतंय हे त्याला दिसत होतं. शेवटी १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे श्वार्ट्झचा सहकारी गेरिके हा पाद्री होता. इंग्रजी, गणित, भूगोल, युरोपातली शास्त्रं, हे सगळं त्या मुलाला तिथे मिळालं. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, आणि या वेळी उत्तर उलटं आलं. दत्तक योग्य ठरलं.

मला या सगळ्या गोष्टीत त्या अंधाऱ्या खोलीबद्दल नेहमी थांबावंसं वाटतं. दहा-बारा वर्षांचं पोर, बाप गेलेला, आपल्याच लोकांनी कोंडलेलं, आणि दार उघडायला येतो तो परक्या देशाचा, परक्या धर्माचा म्हातारा. त्याच्याबरोबर पुस्तकं येतात, औषधं येतात, आणि त्याचा देवही येतो. पोराने यातलं काय घ्यावं आणि काय ठेवावं?

त्याच सुमाराला अर्ध्या पृथ्वीपलीकडे एका दुसऱ्या सरदाराच्या पोरासमोर हेच गाठोडं येऊन पडलं होतं. आमची बोट एकदा ताहितीला पापीती बंदरात लागली होती, तेव्हा पोमारे हे नाव पहिल्यांदा माझ्या कानावर आलं. मार्च १७९७ मध्ये लंडनच्या मिशनऱ्यांचं 'डफ' नावाचं जहाज त्या बेटावर पोचलं. तिथल्या सरदार घराण्यातला दुसरा पोमारे तेव्हा तरुण होता. पुढे तो लढाई हरला, शेजारच्या मोरेआ बेटावर पळून गेला, तिथे मिशनऱ्यांच्या संगतीत लिहा-वाचायला शिकला, बाप्तिस्मा मागू लागला. १८१५ साली लढाई जिंकून तो परत आला. आपल्या घरातले देव त्याने मिशनऱ्यांच्या हवाली केले आणि ते लंडनला गेले. १८१९ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, बेटाला नवे लेखी कायदे मिळाले, आणि राजाच्या मागोमाग प्रजा ख्रिस्ती झाली. दोन वर्षांनी तो वारला. त्याने ते गाठोडं बांधलेलंच उचललं. त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्याच्यापुढे जहाजं होती, बंदुका होत्या, बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मरत होती, आणि जुने देव काही करत नव्हते. अशा वेळी माणूस काय करेल ते त्या जागी उभं राहिल्याशिवाय सांगता येत नाही.

सरफोजीराजांनी मात्र गाठोडं सोडलं, एकेक वस्तू बाहेर काढून बघितली, आणि देव तेवढा परत बांधून ठेवला. ठेवला तोही आदराने.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ ला तंजावरला वारला. सरफोजी तेव्हा वीस वर्षांचे होते आणि अजून गादीवर बसायचे होते. गादी मिळाली जूनच्या अखेरीला. त्या मधल्या दिवसांत एखाद्या हिशोबी तरुणाने जपून पावलं टाकली असती. ज्याच्या दत्तकविधानाचा निवाडा शास्त्री-पंडितांच्या मतावर लागला, त्याने ख्रिस्ती पाद्र्याच्या प्रेताजवळ जाणं म्हणजे विरोधकांच्या हातात कोलीत देणं. हे गेले. पेटी बंद करण्याआधी त्यांनी गुरुजींचं दर्शन घेतलं, रडले, प्रेतावर जरीचं वस्त्र घातलं आणि दफनाच्या जागेपर्यंत चालत गेले. हे तिथे हजर असलेल्या पाद्र्यांनी लिहून ठेवलं आहे. प्रेताला शिवणं, सुतक, विटाळ, हे सगळं आपल्या घरांत आपण पाहिलेलं आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्यात ते किती असेल, विचार करा.

पुढे थडग्यावरच्या दगडासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत कविता केली. साधी आहे, यमकं जुळवलेली, त्यात ते गुरुजींना वडील म्हणतात आणि तुम्हाला शोभेसा होऊ दे असं मागतात. हिंदी माणसाने इंग्रजीत केलेल्या अगदी सुरुवातीच्या कवितांमध्ये तिची गणना होते. पण ती कुठल्या दरबारासाठी नव्हती, एका मेलेल्या माणसासाठी होती, आणि वाचताना ते कळतं.

मिशनऱ्यांना त्यांच्याकडून मोठी आशा होती, हे उघड आहे. पाद्र्याने वाढवलेला राजा ख्रिस्ती झाला तर सगळा मुलूख मागून येईल असं कुणाच्याही मनात आलं असतं. तसं झालं नाही. सरफोजीराजे जन्मभर शिवभक्त राहिले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली त्यांनी भोसले वंशाचा इतिहास कोरवून घेतला. तो मराठीत आहे, देवनागरीत आहे, आणि जगातल्या सगळ्यांत लांब शिलालेखांपैकी एक मानला जातो. तमिळ मुलखाच्या मध्यावर, चोळांच्या देवळावर, आपली भाषा ओळींमागून ओळी चालली आहे. मी तिथे उभा राहून वाचायचा प्रयत्न केला. मान अवघडली, पण शब्द लागत होते. १८२० साली ते काशीयात्रेला निघाले ते बरोबर सुमारे तीन हजार माणसं घेऊन, आणि परत आले ते हस्तलिखितं घेऊन.

पण त्याच राजाने सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपातून हजारो पुस्तकं आणून भरली. अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण आज आपण ज्याला सरस्वती महाल म्हणतो ते मुख्यतः यांचं. तिथे तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांना हे माहीत असेल? मला तरी साठीपर्यंत माहीत नव्हतं. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापलं. लक्षात घ्या, पेशवाई अजून संपायची होती. पुण्यात-मुंबईत मराठी मुलांसाठी छापलेलं पुस्तक नव्हतं तेव्हा ते तंजावरला होतं.

वैद्यकाची त्यांना विशेष ओढ होती. धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय पद्धतीचे जाणकार एकत्र काम करत. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं त्यांनी चित्रांसकट ठेवून घेतली. रोगी कोण, डोळ्याला काय झालं, उपचार काय, हे सगळं त्यात आहे आणि रंगवलेला डोळाही आहे. ती पानं अजून शाबूत आहेत. शरीरशास्त्र शिकायला हाडांचा सांगाडा हवा, पण मेलेल्याच्या हाडांना शिवायचं कसं? त्यांनी हस्तिदंती सांगाडा मागवला. मला यात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. विद्या सोडायची नाही आणि घरातल्यांचा आचारही उगाच मोडायचा नाही, दोन्हीच्या मधून वाट काढायची. कुणी याला तडजोड म्हणेल. बोटीवर आम्ही अशा तडजोडीवरच बंदर गाठतो.

आणखी एक गंमत सांगतो. श्वार्ट्झचा दुसरा एक विद्यार्थी होता, वेदनायगम शास्त्री. तिरुनेलवेलीकडचा ख्रिस्ती मुलगा, १७७४ चा जन्म, तोही लहानपणीच गुरुजींकडे आला. पुढे तो तमिळमधला मोठा ख्रिस्ती कवी झाला. दक्षिणेत कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरातली कुरव जमातीची बाई येऊन भविष्य सांगते, आपल्या मुलखाचं वर्णन करते. वेदनायगमने त्यात 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. सरफोजीराजांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली, आणि त्यात ती बाई इंद्राणीला काय सांगते, तर जगाचा भूगोल! खंड, देश, समुद्र. एका गुरूचे दोन शिष्य, एकाच साच्यात एकाने येशू ओतला, दुसऱ्याने नकाशा. आणि राजांनी वेदनायगमला पुढे दरबारी कवी म्हणून आश्रय दिला. तो ख्रिस्ती आहे आणि आपण नाही, याची दोघांच्या मैत्रीत अडचण व्हायची तेवढी होत असणार, पण मैत्री राहिली.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर इतिहासाचे सर वरून कान धरतील. गादीवर बसून वर्ष-सव्वा वर्ष झालं नाही तोच, २५ ऑक्टोबर १७९९ ला, सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीला लिहून दिला. त्यांच्याकडे किल्ला आणि शहर राहिलं, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा ठरला. बावीस वर्षांचा राजा, ज्याला गादी कंपनीने दिली, तो कंपनीला नाही कसं म्हणणार होता? ज्या हातांनी त्याला अंधारातून बाहेर काढलं त्यांच्या मागे हे दुसरे हात होते. श्वार्ट्झ स्वतः लोभी नव्हता, पण त्याची चांगुलपणाची पत कंपनीच्या कामी आली, हे नाकारता येत नाही. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर समुद्रकिनाऱ्यावर राजांनी इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ मनोरा बांधला. अजून उभा आहे. भोसल्यांच्या वंशजाने ब्रिटिशांच्या विजयाचा मनोरा बांधावा, हे मला बघवत नाही. ज्याला बघवतं त्याने बघावं.

पण कारभार जाताना त्यांनी एका गोष्टीसाठी हट्ट धरला, तो अन्नछत्रांसाठी. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना जिथे जेवण, औषध, निवारा मिळे ती छत्रं आपल्याकडे राहू द्या असं त्यांनी कंपनीला लिहिलं, आणि ती ठेवून घेतली. ओरत्तनाडूच्या छत्रात मुलांना शिकवण्याची सोय होती. तंजावरजवळ कन्नंतंगुडीला ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाचा आणि तिथल्या अपंग, निराधार ख्रिस्ती लोकांचा खर्चही ते देत. राज्य गेलं तेव्हा हातात जे उरलं ते त्यांनी असं वापरलं.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले. राजांची विद्वत्ता बघून ते थक्क झाले होते, असं त्यांच्या पत्रांवरून दिसतं. राजपुत्र शिवाजी तेव्हा सतरा-एक वर्षांचा होता. त्याला आपल्याबरोबर प्रवासाला न्यावं, इंग्रजी पक्कं करावं, असं बिशपनी सुचवलं. राजांची तयारी होती. राणीने पाठवलं नाही. मुलाच्या तब्येतीची काळजी, असं कारण होतं. राणीच्या मनात आणखी काय होतं ते ती जाणे. बिशप पुढे त्रिचनापल्लीला गेले आणि तिथेच काही दिवसांत वारले. सरफोजीराजे ७ मार्च १८३२ ला गेले. त्यांच्या मुलाला मुलगा झाला नाही. १८५५ साली तो वारल्यावर राज्य खालसा झालं.

राणीची काळजी मला कळते, कारण ती मी घरात पाहिली आहे.

आपल्या वर्गातल्यांना आठवत असेल, दहावीच्या वर्षी माझ्या घरी काय परिस्थिती होती. वडील समुद्रात गेले होते. घरात चिमणीचा उजेड आणि धाकटी भावंडं. आपल्या गणिताच्या सरांनी मला त्यांच्या ओटीवर अभ्यासाला बोलावलं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं, आणि तुम्हाला गरजही नाही. ते ख्रिस्ती होते. ओटीवर विजेचा बल्ब होता आणि आत मेरीमातेच्या तसबिरीपुढे दुसरा, लहान, लाल. आजीला धास्ती, आपलो झील बाटतलो. तिने मला पाण्याचा तांब्या घरून न्यायला लावला. सरांनी तो तांब्या पाहिला, काही बोलले नाहीत, ओटीवर त्याच्यासाठी कोपऱ्यात एक पाट ठेवला. सात-आठ महिने तो तांब्या त्या पाटावर होता. बायबलचं एक अक्षर मला त्यांनी कधी ऐकवलं नाही. क्षेत्रफळं मात्र इतकी करून घेतली की मला स्वप्नात त्रिकोण दिसत. मुंबईला ट्रेनिंगचा फॉर्म त्यांनी भरला, एसटीचे पैसेही त्यांनीच दिले.

सर गेले तेव्हा मी सुट्टीवर घरीच होतो. पेटी चर्चमध्ये नेली तिथपर्यंत मी गेलो. फाटकाशी थांबलो. घरी कार्य जवळ आलं होतं, थोरल्यांनी सांगितलं होतं की आत जाऊ नको, शिवू नको. आपल्यातले चार-पाच जण आत गेले, त्यांनी शेवटी मूठमूठ मातीही टाकली. मी चपला हातात घेऊन, बाहेरच्या गडग्याला टेकून उभा राहिलो आणि गर्दी निघायच्या आत घरी आलो. याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. बाईंनीही नाही. पुढच्या सुट्टीत गेलो तर त्यांनी चहा दिला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं रामेश्वरला निघालो होतो, वाटेत तंजावरला उतरलो. मोठं देऊळ झाल्यावर रिक्षावाल्याने शिवगंगा तळ्याजवळ एक जुनं चर्च आहे म्हणून दाखवलं. लहानसं, १७७९ सालचं. आत पश्चिमेकडून उजेड येत होता. भिंतीवर पांढऱ्या संगमरवराचं शिल्प आहे. लंडनचा फ्लॅक्समन म्हणून नामांकित शिल्पकार, त्याच्याकडून सरफोजीराजांनी ते मागवून घेतलं. म्हातारा पाद्री अंथरुणावर पडला आहे, उशाशी गेरिके, पायाशी शाळेची लहान मुलं, आणि मध्ये पागोटं घातलेला तरुण राजा गुरुजींचा हात हातात घेऊन उभा आहे. राजाच्या मागे त्याची माणसं आहेत. ख्रिस्ती देवळात एका हिंदू राजाने स्वतःला कायमचं कोरवून घेतलं ते असं, गुरूचा हात धरलेलं. ज्याला यायचं त्याने येऊन बघावं.

बायको म्हणाली की चला, गाडीची वेळ झाली. मी तिला पुढे व्हायला सांगितलं. चर्चच्या त्या बाकावर मी पंधराएक मिनिटं बसलो असेन. आयुष्यात पहिल्यांदाच चर्चच्या आत बसलो होतो.

मित्रहो, मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम रविवारी दहाला आहे. त्याआधी सकाळी सातला मी सरांच्या थडग्यावर जाणार आहे. बाईंना विचारलं आहे, त्याही येणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी पावणेसातला भरडावर जमा. फुलं मी आणतो.